हाताची विद्या : पालवणकर बाळू यांचे चरित्र

गेल्या पौष महिन्यात काही कामानिमित्त आम्ही इंदापूर तालुक्यातील निरवांगी या गावी गेलो होतो. शाळूची कणसे दाण्यावर आलेली होती, आणि एका शेतात माळ्यावर उभा राहून सुमारे बारा वर्षांचा एक मुलगा गोफण फिरवीत होता. पाखरांचा थवा ज्या बाजूस उतरे, त्या बाजूस त्याचा खडा नेमका जाई. वाटेत थांबून आम्ही त्यास विचारले की, फिरत्या गोफणीचे टोक कोणत्या क्षणी सोडावे हे तुला कसे कळते. त्याने क्षणभर विचार केला, रिकामा हात एकदा फिरवून पाहिला, आणि तो लाजून हसला. त्यास ते सांगता येईना. परंतु त्याच्या हाताला ते पक्के ठाऊक होते.

घरी परतताना आमच्या मनात असे आले की, जी विद्या तोंडाने सांगता येत नाही, तिला आपण विद्या म्हणावयासच तयार नसतो. आमच्या शाळांत पाठांतरास गुण मिळतात, निबंधास बक्षिसे मिळतात. परंतु भाकरी थापणाऱ्या आईच्या तळव्यात, नेमका घण घालणाऱ्या लोहाराच्या दंडात किंवा गोफण फिरवणाऱ्या या मुलाच्या मनगटात जे ज्ञान साठलेले असते, त्याची नोंद कोणत्याही प्रगतिपुस्तकात होत नाही. ही विद्या कशी मिळते, ती मिळण्यास काय लागते, आणि ती मिळविणाऱ्यास जग काय देते व काय नाकारते, हे सर्व ज्यांच्या एका आयुष्यात स्पष्ट दिसते, असे एक पुरुष आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले. ते पालवणकर बाळू होत. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस सांगावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातील पालवणीचे, आणि त्यावरूनच त्यांचे आडनाव पडले. ज्ञाती चांभाराची. त्या काळी या ज्ञातीतील मनुष्याची सावलीही पुष्कळांस नकोशी वाटे. वडील लष्करातील नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यास येऊन राहिले. बाळू, शिवराम, गणपत व विठ्ठल असे हे चार भाऊ. छावणीतील साहेबलोक खेळून टाकून देत ती फळी व तो चेंडू घेऊन ही मुले मोकळ्या जागेत क्रिकेट खेळत. शाळेचे शिक्षण फार झाले नाही. घरी पैशाची ओढ होती, आणि थोरल्या मुलाने लवकर कमवावयास लागावे हे ठरल्यासारखेच होते.

पुण्यात पारशी गृहस्थांचा एक क्रिकेट क्लब होता. तेथे मैदान झाडण्याच्या व खेळपट्टीवर रूळ फिरविण्याच्या कामावर बाळू लागला. पगार महिना ३ रुपये. क्लबाच्या सभासदांस सरावाकरिता कोणी चेंडू टाकणारा नसला, म्हणजे ते या पोरास बोलावीत. १८९२ च्या सुमारास तो युरोपियन लोकांच्या क्लबात गेला व पगार ४ रुपये झाला. काम तेच, किंबहुना अधिक : खेळपट्टी दाबावयाची, तिच्यावर चुन्याच्या रेघा मारावयाच्या, जाळी लावावयाची, टेनिसची पटांगणे आखावयाची. हे सर्व करून जो वेळ उरे, त्यात साहेबांस चेंडू टाकावयाचे.

याच वेळी बाळूच्या आयुष्यात कॅप्टन जे. जी. ग्रेग हे गृहस्थ आले. त्यांचा जन्म मध्य हिंदुस्थानातील महू येथे झालेला. पुढे ते इंग्लंडातील हॅम्पशायर परगण्याकडून खेळले, आणि उतारवयात लष्कर सोडल्यावर रोमन कॅथॉलिक पंथाचे धर्मगुरू झाले. ग्रेग हे त्या काळच्या हिंदुस्थानातील युरोपियन फलंदाजांत अग्रगण्य होते. इतर सभासद येण्यापूर्वी ते मैदानावर हजर होत आणि बाळूस चेंडू टाकावयास सांगत. आपणांस बाद केल्यास दर वेळी आठ आणे बक्षीस देत असत, अशीही एक आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, एक गोष्ट निश्चित आहे : दररोज, तासन् तास, वर्षानुवर्षे हा मुलगा एका उत्तम फलंदाजास चेंडू टाकीत राहिला. ज्या घरात महिन्याला चार रुपये येतात, तेथील मुलास असा शिक्षक पैसे देऊन कधीच ठेवता आला नसता. येथे तर शिक्षकास आपण शिकवीत आहो याची कल्पना नव्हती, आणि शिष्यास आपण शिकत आहो हे कोणी सांगितले नव्हते.

बाळू डाव्या हाताने मंद गतीचे, फिरकीचे चेंडू टाकीत. ज्यांनी हा प्रयत्न केला आहे त्यांस त्यातील अडचण ठाऊक असेल. चेंडू बोटांनी पिळावयाचा, मनगट योग्य क्षणी वळवावयाचे, खांदा व कंबर त्या वेळी विशिष्ट स्थितीत आणावयाची, पुढचा पाय नेमक्या जागी टेकावयाचा. आणि या सर्वांचा परिणाम म्हणून बावीस यार्डांच्या खेळपट्टीवर पलीकडच्या बाजूस, घोंगडीच्या एका घडीएवढ्या जागेत चेंडू पडावयाचा. तेथून तो कधी बाहेर वळावा, कधी आत यावा, कधी सरळच निघून जावा. आणि हातावरून यांपैकी काय होणार हे फलंदाजास मुळीच ओळखू येऊ नये. चेंडू हातातून सुटण्याचा क्षण किंचित् चुकला, तरी तो एकतर फलंदाजाच्या पायाशी पडतो किंवा अर्ध्या वाटेवर. आणि दोन्हींची शिक्षा एकच, म्हणजे चेंडू सीमेपार.

असे काम मनुष्याचे शरीर कसे शिकते? बाळू पुण्याच्या जाळ्यात घाम गाळीत होते त्याच दशकात, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस, काही विद्वान हाच प्रश्न विचारू लागले होते. १८९७ व १८९९ साली ब्रायन व हार्टर या दोन अमेरिकन संशोधकांनी तारमास्तरांच्या शिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, संदेश घेण्यास शिकणाऱ्या मनुष्याची प्रगती एकसारखी होत नाही. काही दिवस ती भराभर होते. मग आठवड्यामागून आठवडे जातात आणि तो तेथेच अडून राहिल्यासारखा दिसतो. नंतर एकाएकी तो पुढे सरकतो. सुटी अक्षरे ओळखण्याची सवय आत मुरली म्हणजे शब्द ओळखू येतात, आणि शब्द मुरले म्हणजे वाक्ये. अडून राहण्याचा काळ हा वाया गेलेला काळ असतोच असे नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी ही एकच गोष्ट या लेखातून नेली, तरी आम्हांस समाधान वाटेल. कारण आमच्या अनुभवाप्रमाणे मुले पहिल्या आठवड्यात क्वचितच हार मानतात. ती हार मानतात या सपाट जागेवर.

१८९९ सालीच वुडवर्थ नामक दुसऱ्या अमेरिकन पंडिताने हाताच्या नेमकेपणाविषयी प्रयोग केले. हात एखाद्या खुणेकडे नेताना प्रथम एक सबंध झेप असते, आणि खुणेजवळ आल्यावर डोळ्यांच्या साहाय्याने त्या झेपेत बारीक दुरुस्ती होते, असे त्याने दाखविले. हालचाल फार वेगाची असली म्हणजे या दुरुस्तीस वेळच उरत नाही. गोलंदाजाच्या हाताची गत हीच आहे : चेंडू सुटल्यावर काही करता येत नाही. म्हणून जी दुरुस्ती व्हावयाची ती पुढच्या चेंडूत. आपल्या मस्तकाच्या मागील बाजूस लहान मेंदू म्हणून जो भाग आहे, तो या कामी फार महत्त्वाचा आहे असे आज शास्त्रज्ञ मानतात. हात हलविण्याची आज्ञा निघते, तेव्हाच त्या हालचालीचा परिणाम काय होईल याचा अंदाजही मेंदूत तयार होतो. प्रत्यक्ष परिणाम त्या अंदाजाशी जुळला नाही, म्हणजे तो फरक हाच धडा होतो, आणि पुढील आज्ञा किंचित् बदलून निघते. आपले हातपाय कोणत्या स्थितीत आहेत हे आपणांस डोळे मिटूनही कळते. स्नायू व सांधे यांकडून मेंदूस जी ही वार्ता सतत पोचते, तिला शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली स्वतंत्र नाव दिले. निरवांगीच्या मुलाने रिकामा हात फिरवून पाहिला, तो याच वार्तेचा शोध घेण्यासाठी.

पुढे १९२० नंतरच्या दशकात रशियामध्ये बर्नस्टाइन या संशोधकाने कुशल कामगारांच्या घण मारण्याची छायाचित्रे अतिशय जलद गतीने घेऊन तपासली. घणाचे टोक दर वेळी जवळजवळ त्याच जागी पडे. परंतु खांदा, कोपर व मनगट यांच्या हालचाली मात्र दोन वेळा कधीही तंतोतंत सारख्या नसत. यावरून त्याने असा सिद्धांत काढला की, सराव म्हणजे एकाच हालचालीचा ठसा पुनःपुनः उमटविणे नव्हे. सराव म्हणजे तेच उदाहरण दररोज नव्याने सोडविणे. चुकीचे गणित शंभर वेळा उतरवून काढणाऱ्या विद्यार्थ्यास गणित येत नाही. प्रत्येक वेळी ते स्वतः सोडविणाऱ्यास येते. हाताचेही तसेच आहे.

आता या प्रकाशात पुण्यातील त्या जाळ्याकडे पाहा. ग्रेग पुढे आला म्हणजे बाळूने चेंडू आखूड टाकावयाचा. ग्रेग मागे राहिला म्हणजे त्यास पुढे ओढावयाचे. आज जो चेंडू त्यास फसवी, तो उद्या फसवीत नसे. प्रत्येक चेंडूचा निकाल तत्काळ डोळ्यांपुढे दिसे. खेळपट्टी कोठे कठीण आहे व कोठे ओलसर, हे त्या मुलाइतके क्लबातील कोणासही ठाऊक नव्हते. कारण पहाटे तिच्यावर रूळ त्यानेच फिरविलेला असे. मोलमजुरी म्हणून जे काम त्याच्या माथी मारले होते, ते त्याने नकळत आपल्या विद्येचा भाग करून टाकले.

तथापि चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. क्लबात बाळूने हजारो चेंडू टाकले, पण तेथे त्याच्या हातात फळी मात्र कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम, ते नोकराने करावे. फळी चालविणे हा मानाचा खेळ, तो साहेबाने खेळावा, अशी ती वाटणी होती. परिणाम काय झाला? बाळू हिंदुस्थानातील अव्वल दर्जाचे गोलंदाज झाले. त्यांची फलंदाजी मात्र त्या योग्यतेस कधी चढली नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस पुढे फळी धरण्याची संधी मिळाली, आणि ते नामांकित फलंदाज झाले. एकाच आईची मुले, एकच रक्त. यावरून आम्हांस असे वाटते की, ज्यास आपण जन्मजात देणगी म्हणतो तीत संधीचा वाटा फार मोठा असतो. आणि जो दुसऱ्याची संधी हिरावून घेतो, तो त्याचे कौशल्यच हिरावून घेतो.

या डावखुऱ्या पोराची कीर्ती हळूहळू शहरात पसरली. पुण्याच्या हिंदू खेळाडूंस युरोपियन क्लबाशी सामना खेळून जिंकण्याची इच्छा होती, आणि त्याकरिता बाळूसारखा गोलंदाज हवा होता. परंतु अस्पृश्यास संघात घ्यावे कसे? यावर पुष्कळ वाद झाला. शेवटी जिंकण्याची इच्छा रूढीहून बलवत्तर ठरली व बाळूंस संघात घेण्यात आले. मैदानावर तोच चेंडू सर्वांच्या हातातून फिरे, त्यास विटाळ नव्हता. परंतु खेळ थांबला की बाळूंनी मंडपाबाहेर उभे राहावे. त्यांस चहा मिळे तो वेगळ्या मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताटही निराळे, आणि जागाही निराळी. ज्या हाताने संघास जय मिळे, त्या हाताचा स्पर्श मात्र पंगतीत चालत नसे.

साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याशी झालेल्या सामन्याची हकीकत सांगतात. बाळूंची फिरकी निष्फळ व्हावी म्हणून तेथील लोकांनी खेळपट्टी कित्येक दिवस रूळ फिरवून अगदी टणक करून ठेवली होती. परंतु ज्याचे बालपणच रूळ ओढण्यात गेले, त्यास अशा खेळपट्टीची काय भीती? बाळूंनी ७ गडी बाद केले व पुण्याच्या संघाने सामना जिंकला. ज्यांच्याबरोबर खेळता, त्यांच्याबरोबर जेवावयासही हरकत नसावी, अशा अर्थाची सूचना न्यायमूर्ती रानडे यांनी त्या सुमारास संघातील मंडळीस केली असे म्हणतात. काही वर्षांनी तसे घडूही लागले. एका चांभाराच्या बोटांनी जे केले ते पुष्कळ व्याख्यानांस साधले नव्हते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

प्लेगच्या दिवसांच्या सुमारास पालवणकर मुंबईस गेले. तेथे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या संघातून व हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. तेथेही प्रथम कुरकुर झालीच. परंतु गोलंदाजीपुढे ती टिकली नाही. १९०६ च्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईत हिंदू व युरोपियन या दोन संघांचा सामना झाला. हिंदूंनी तो १०९ धावांनी जिंकला. बाळूंनी त्यात ८ गडी बाद केले, आणि बंधू शिवराम हेही त्या संघात होते. स्वदेशीच्या चळवळीने देश तापलेला असताना मिळालेल्या या जयाचा आनंद केवळ खेळाचा नव्हता. ज्यांस गावच्या विहिरीवर पाणी भरण्याची बंदी होती, त्यांच्या पुत्राने राज्यकर्त्यांचा पराभव घडवून आणला, ही गोष्ट विचारी माणसांच्या मनास झोंबल्याखेरीज राहिली नाही.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडास गेला. त्यात हिंदू, मुसलमान, पारशी असे सर्व होते. संघाची कामगिरी सामान्यच झाली. पराभव पुष्कळ, विजय थोडे. बाळूंचे वय त्या वेळी पस्तिशीच्या घरात होते. हवा थंड, खेळपट्ट्या अपरिचित, आणि एका सामन्यामागून दुसरा सामना. तरीही त्यांनी सबंध दौऱ्यात ११४ गडी बाद केले. त्यांपैकी ७५ पहिल्या दर्जाच्या सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाचे ८ गडी त्यांनी एका डावात घेतले. लेस्टरशायर परगण्याविरुद्ध त्यांनी ११ गडी बाद केले, व तो सामना हिंदी संघाने जिंकला. सॉमरसेटविरुद्धच्या विजयात शिवराम यांनी शतक केले. बर्नस्टाइनचा सिद्धांत तेव्हा कोणी लिहिलेलाही नव्हता; परंतु परक्या हवेत, परक्या मातीवर, रोज नव्याने तेच उदाहरण सोडविणारा हात त्या वेळी इंग्लंडात सर्वांनी पाहिला.

परत आल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला. अस्पृश्य मानलेल्या समाजास त्यांच्या रूपाने एक आधार सापडला होता. तेव्हा विद्यार्थिदशेत असलेले भीमराव आंबेडकर यांसही त्यांच्याविषयी मोठा आदर वाटत असे.

आता त्यांच्या आयुष्यातील शल्याकडे वळू. मुंबईत तिरंगी, आणि मुसलमानांचा संघ आल्यावर १९१२ पासून चौरंगी सामने होऊ लागले. हिंदू संघाचा मुख्य आधार बाळू. अनुभव सर्वांहून अधिक. फलंदाजाचे मन ओळखण्यात त्यांचा हातखंडा. परंतु कर्णधार निवडण्याची वेळ आली की, दर वर्षी दुसऱ्याच कोणाचे नाव निघे. १९१३ साली कर्णधार झालेल्या पै यांनी, हा मान वस्तुतः बाळूंचा होता असे उदारपणे बोलून दाखविले. पण निवड करणाऱ्यांस ते पटले नाही. १९२० साली बाळूंस संघातूनच वगळण्यात आले, आणि कर्णधारपदासाठी विठ्ठल यांचा हक्क डावलण्यात आला. तेव्हा शिवराम व विठ्ठल या दोघा बंधूंनी संघातून अंग काढून घेतले आणि त्याचे कारण जाहीरपणे सांगितले. पुष्कळ वादानंतर तडजोड झाली. बाळूंस परत घेऊन उपकर्णधार करण्यात आले, आणि पै मैदानाबाहेर असताना काही वेळ संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. एवढ्यावरच त्यांस समाधान मानावे लागले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले, व त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. थोरल्या भावाने नांगरलेल्या शेतात धाकट्याने पीक काढले.

नेतृत्व ही देखील करून शिकण्याची विद्या आहे. ज्यास कधी पुढे होऊ दिलेच नाही, त्याच्या अंगी पुढारीपण नाही असा निर्वाळा देणे म्हणजे पाण्यात उतरू न देता पोहता येत नाही म्हणून हिणविण्यासारखे आहे. बाळूंच्या बाबतीत हा अन्याय पंधरा-वीस वर्षे चालला. त्यांनी त्याकरिता खेळ सोडला नाही व चेंडू वाकडा टाकला नाही, हे त्यांचे मोठेपण होय. परंतु त्यांच्या सोशिकपणाचे गोडवे गाऊन अन्याय करणाऱ्यांस सुटका मिळू नये, असे आम्हांस वाटते.

खेळ संपल्यावर पालवणकर सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण चालू असताना जो पुणे करार झाला, त्यावर सही करणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई कायदेमंडळाच्या जागेसाठी काँग्रेसने त्यांस डॉक्टर आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मते पडली. एकाच दुःखातून वर आलेले हे दोन पुरुष. एकाचा विश्वास सवर्णांच्या मनःपरिवर्तनावर, दुसऱ्याचा हक्काच्या लढ्यावर. त्या वेळी कोणाचा मार्ग बरोबर होता हे ठरविण्याचे काम आम्ही मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या वादविवादासाठी राखून ठेवतो. इतके मात्र खरे की, बाळूंच्या पराभवात त्यांचा अपमान नव्हता, आणि आंबेडकरांच्या विजयात बाळूंविषयी अनादर नव्हता.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत पालवणकर बाळू निवर्तले. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला, तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे गेलेले होते. म्हणून कसोटी खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले, आणि दर गड्यामागे सरासरी १५ च्या आसपास धावा दिल्या. त्यांच्या मागे अनेक वर्षे ते विस्मृतीत गेले होते. विठ्ठल यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेले आत्मचरित्र, आणि रामचंद्र गुहा यांनी २००२ साली लिहिलेला हिंदी क्रिकेटचा इतिहास, यांमुळे त्यांचे नाव पुनः लोकांपुढे आले.

हे चरित्र संपविताना आमच्या विद्यार्थ्यांस दोन शब्द सांगावेसे वाटतात. अक्षर सुधारत नाही, बाजाच्या पेटीवर बोटे वळत नाहीत, भाला दूर जात नाही, म्हणून निराश होणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की, बाळूंच्या हातात पहिल्या दिवशी फिरकी नव्हती. चूक कोठे झाली ते दर वेळी पाहावे, पुढच्या वेळी किंचित् बदल करावा, आणि सपाट जागेवर पोचल्यावर परत फिरू नये. प्रभूच्या शिकवणुकीत धन्याने सोपविलेले धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दाखला आहे. आपली बोटे, आपले मनगट, आपले पाय हेही सोपविलेले धनच होय. वापरल्याने ते वाढते व पुरल्याने ते बुडते.

आईबापांस व आम्हां शिक्षकांसही यात एक धडा आहे, आणि तो अधिक कठीण आहे. धन पुरणारा नेहमी दासच असतो असे नाही. पुष्कळदा दुसऱ्याच्या वाट्याचे धन आपणच पुरून टाकतो. आमच्या शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा कोण मारतो, आणि फळी कोणाच्या हातात असते? घरी मुलगी पाणी भरीत असताना खेळावयास कोण जातो? कोणत्या मुलास पुढे हो म्हणून आपण कधीच सांगितले नाही? पुण्याच्या त्या क्लबातील माणसे दुष्ट नव्हती. त्यांतील एकजण तर पुढे धर्मगुरू झाला. रूळ ओढणाऱ्या त्या मुलाच्या हाती एकदा फळी देऊन पाहावी, एवढेच त्यांच्यापैकी कोणास सुचले नाही.

निरवांगीचा तो मुलगा पुढील वर्षी आमच्या शाळेत यावा, अशी आम्ही त्याच्या वडिलांस विनंती करून आलो आहो. तो आल्यास त्यास आम्ही पुस्तकी विद्या शिकवू; परंतु पहिल्याच आठवड्यात त्याच्या हाती चेंडू व फळी ही दोन्ही देण्याचे आम्ही मनाशी ठरविले आहे.